राजाचे घोंगडे

मराठी माणसाला घोडा दिसला की आपण आत्ताच अटकेहून आलो असे वाटू लागते. मलाही वाटायचे, पण वर्ध्याला माझ्या वाट्याला आला तो टांग्याचा घोडा. नाव मात्र राजा. त्याच्या मालकांना सारी गल्ली मामा म्हणे. स्टेशनावर सेवाग्रामची सवारी मिळाली की मामा खूश. नाही मिळाली तर राजाशीच गप्पा मारीत. तबेला वगैरे भानगड नव्हती. आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत राजा बारा महिने उघड्यावर.

मी नऊ वर्षांचा असताना एकदा श्रावणात झड लागली. राजा वाऱ्याकडे पाठ करून, शेपूट आत दाबून, पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरासारखा मान घालून उभा. मला दया आली. मी आजोबांचे घोंगडे त्याच्या पाठीवर नेऊन टाकले. संध्याकाळी मामांनी ते ओढले तेव्हा त्यातून बादलीभर पाणी निघाले आणि राजा थरथरत होता.

"बाबू, त्याचा कोट त्याच्या अंगावरच हाये," मामा म्हणाले. "वल्लं घोंगडं टाकून तू त्याले अजून गारठवलं. पाण्याचं त्याले भेव नाही. पायाखाली चिखल नको अन् पोटात चारा पाहिजे."

आजोबा जे म्हणाले ते छापण्याजोगे नाही.

मामांचे शास्त्र खरे होते. गारठ्यात घोड्याचे केस उभे राहतात, त्यांत हवा कोंडते, तीच त्याची रजई. भिजल्या घोंगड्याने ते केस चपटे होतात की रजई गेली. पोटातला वाळला चारा आंबत आंबत ऊब देतो, म्हणजे शेगडीही आतच. खूर मात्र नाजूक; आमच्या काळ्या मातीच्या चिखलात दिवसच्या दिवस उभा राहिला तर तळाशी सडू लागतो.

पुढे मोठेपणी शिवाजी महाराजांचे एक पत्र वाचले आणि मामा आठवले. चिपळूण तालुक्यातल्या हलवर्ण इथल्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेले, १६७३ सालच्या मेमधले म्हणून ते ओळखले जाते. पावसाळा तोंडावर. महाराज बजावतात की दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग रयतेकडे मागायला जाल, तर रयतेला मोगल बरे म्हणायची पाळी येईल. शिवाय दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील! राज्य चालवणारा माणूस उंदराचाही विचार करतो हे वाचून मी गार झालो. आमच्या हापिसात आग विझवायची बादली कुठे आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हते.

मराठी फौज दसऱ्याला निघायची आणि पावसाआधी छावणीला परतायची, त्यामागे हाच हिशोब. मुक्कामात घोडी उघड्यावरच; पुढून आगाडी, मागून पिछाडी, मेखा ठोकून बांधलेली. पण पावसात काळी माती मेख धरतच नाही, आणि नद्या घोड्याला विचारून चढत नाहीत. आमच्या नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालमध्येच पावसाळा काढायला राहिले. कटव्याला छावणी केली. सप्टेंबरअखेर, दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीखानाने नदी ओलांडून छापा घातला आणि छावणी उधळली. मुक्काम लांबला की पाहुण्याचे काही खरे नसते.

मामांची छावणी उधळायला अलीवर्दीखान लागला नाही. झड पाच दिवस चालली. स्टेशनावर सवारी नाही, म्हणजे पैसा नाही. तिसऱ्या दिवशी चारा संपला. मामांनी राजाच्या पायाखाली विटांचे तुकडे आणि मुरूम पसरला, स्वतः चहा पिऊन राहिले, पण कुणाकडे काही मागेनात. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर आजोबा, ते घोंगड्यावरून दोन दिवस माझ्याशी न बोललेले आजोबा, डोक्यावर पोते घेऊन आमच्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या ओढीत होते.

"उभा काय राहिलास? घे दोन," ते माझ्यावर खेकसले. "आणि मामांना म्हणावं, आमच्या गाईला नकोशा झाल्या."

गाय गोठ्यातून आमच्याकडे बघत होती. घोंगड्याला दिवाळीपर्यंत घोड्याचा वास येत होता.