इस्लापूर ते बोथ : अपुऱ्या भांडवलाचा इतिहास

"आपल्या पोरांना धंदा जमत नाही." हे वाक्य आता विरोधकांपेक्षा आपल्याच वस्तीत जास्त ऐकू येते. दुकान टाकले, वर्षात बंद पडले. महामंडळाचे कर्ज काढले, हप्ते थकले. शेवटी पोरगा पुण्याला कंपनीत लागला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. धंद्याची अक्कल जातीने ठरते, असे मनुस्मृती मानत आली. शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, हा तिचाच दंडक. जयभीम म्हणणाऱ्यांनी तेच दुसऱ्या शब्दांत बोलावे, याचा आम्हाला राग येतो. दुकान का बंद पडले याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडू.

समजा, इस्लापूरच्या बाजारात एका बौद्ध तरुणाने पन्नास हजारांत किराणा दुकान टाकले. डिपॉझिट, मांडणी, काउंटर, वजनकाटा यांत तीस हजार गेले. माल भरला वीस हजारांचा. दिवस जुलैचे. या पट्ट्यात पैसा हातात येतो तो सोयाबीन निघाल्यावर, आणि कापूस विकल्यावर. त्याआधी सगळा गाव उधारीवर जगतो. वीस हजारांचा माल बावीस हजारांना गेला, पण त्यातले चौदा हजार वहीत राहिले आणि आठ हजार गल्ल्यात आले. त्यातून दुकानभाडे आणि बँकेचा हप्ता गेला. दुसऱ्या महिन्यात माल भरायला पाच हजार उरले. वहीत दोन हजार नफा आहे आणि मांडणी रिकामी आहे! रिकामी मांडणी पाहून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते आणि उधारी बुडवायलाही मोकळे होते. पोरगा कष्टाळू होता, हिशेबाला पक्का होता. त्याला कमी पडले ते खेळते भांडवल.

पलीकडचे दुकान का टिकते? त्याच्या मालकाला नांदेडचा किंवा आदिलाबादचा ठोक व्यापारी महिनाभराच्या उधारीवर माल देतो. त्यांच्यात सोयरीक असते, वडिलांपासूनचा व्यवहार असतो, नुसत्या फोनवर पोती येतात. ही उधारी म्हणजे बिनव्याजी, बिनतारणाचे भांडवल आहे आणि ते कुठल्याही बँकेच्या कागदावर दिसत नाही. आपला पोरगा रोखीने घेतो आणि उधारीने विकतो. तो उधारीने घेतो आणि उधारीने विकतो. सगळा फरक एवढाच. जात ही एक बँक आहे आणि त्या बँकेत आपले खाते उघडलेलेच नाही.

हे खुद्द बाबासाहेबांनी भोगले आहे. १९१७ मध्ये बडोदा सोडून मुंबईत आल्यावर त्यांनी शेअरबाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसापेक्षा चांगला सल्लागार कोण मिळणार होता? पण सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद करावा लागला. 'बाबासाहेबांनी फक्त शिका असे सांगितले, धंदा शिकवला नाही' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

त्याच सुमारास, १९१८ मध्ये, त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त आला. तेव्हाचे विद्वान म्हणत होते, तुकडे एकत्र करा, धारणक्षेत्र वाढवा, शेती सुधारेल. बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. शेत परवडणारे आहे की नाही हे क्षेत्रफळावर ठरत नाही, त्याच्या जोडीला बैल, अवजारे, भांडवल आणि श्रम किती प्रमाणात आहेत त्यावर ठरते. भांडवलच नसेल तर जमीन मोठी करून उपयोग नाही. जादा माणसांना शेतीतून बाहेर काढून उद्योगांत सामावून घ्या, असा त्यांचा उपाय होता. शेत या शब्दाच्या जागी दुकान, पिठाची गिरणी किंवा शेळीपालन ठेवून पाहा, युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. पुढे १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतीला आणि उद्योगाला लागणारे भांडवल पुरवणे ही राज्याची जबाबदारी ठरवली. ती व्हावी संविधानाच्या कलमातून, दयेतून नव्हे. संविधान सभेने ते कलम स्वीकारले नाही. आमच्या मते अपुऱ्या भांडवलाच्या इतिहासातला सर्वांत महागडा नकार हाच.

आता इस्लापूरचा स्वतःचा इतिहास. हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचे नाव स्पष्ट आले आहे: आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा तालुके इकडे आले, बोथ तिकडेच राहिले. ही रेषा अंमलात आली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधी अठराच दिवस नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, या 'केसरी'तल्या पत्राचा समाचार घेतला. तुम्ही ढोरे ओढा, पाचशे रुपये मी देतो, असे त्यांनी सुनावले. कातडे, शिंगे, हाडे यांतला खरा पैसा ओढणाऱ्याला कधी मिळालाच नव्हता. तो साठवण आणि वाहतूक परवडणाऱ्या व्यापाऱ्याला मिळत होता. समाजाने लाचारी सोडली, बरोबर केले. पण त्या जागी भांडवल कोणी दिले नाही.

तेव्हा कर्ज मिळत तरी कुठून होते? गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ चे चित्र मांडले: शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के, सरकारचा सुमारे ३ टक्के, व्यापारी बँकांचा १ टक्काही नाही, सावकारांचा जवळपास ७० टक्के. आणि हे जमीनवाल्यांचे चित्र! भूमिहीनाला तारण म्हणून दाखवायला फक्त स्वतःचे अंग होते. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले ते जमिनीसाठी, आणि तारणासाठीही. गायरान कसणाऱ्या किती कुटुंबांच्या नावावर आज सातबारा आहे? नसेल तर बँकेच्या लेखी ते कुटुंब रिकाम्या हाताचेच.

१९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघाले. त्याच्या अनुदान योजनेत वर्षानुवर्षे पन्नास हजारांपर्यंतच्या प्रकल्पाला जास्तीत जास्त दहा हजारांचे अनुदान होते. बीजभांडवल योजनेत महामंडळ २० टक्के, बँक ७५ टक्के, स्वतःचे ५ टक्के. म्हणजे किल्ली बँकेच्याच हातात. २०१५ च्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशू' म्हणतात. नाव अगदी नेमके आहे, कारण हे शिशू मोठे होतच नाहीत. पन्नास हजारांत शिलाई मशीन येते, कापड भरायला पैसे राहत नाहीत. मग मायक्रोफायनान्सवाले दारात येतात, आणि सरकारी कर्जाची उरलेली गरज आठवड्याच्या हप्त्याने भागते. २००५ च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग ९.८ टक्के होते, लोकसंख्येतला वाटा १६ टक्क्यांच्या वर. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' उभी केली. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे, पण त्यांचे उदाहरण देऊन इस्लापूरच्या पोराला नालायक ठरवणे हा बदमाशपणा आहे.

आणि बोथचे काय झाले? तेलंगणाने २०२१ मध्ये हुजुराबादपासून दलितबंधू योजना सुरू केली. कुटुंबाला दहा लाख रुपये, बँक नाही, तारण नाही, परतफेड नाही. त्यातले दहा हजार प्रत्येक लाभार्थ्याकडून संरक्षण निधीसाठी घेत. आपल्याकडे वर्षानुवर्षे जेवढे अनुदान मिळत होते, तेवढा तिकडे राखीव गल्ला! योजना स्वच्छ नव्हती. आमदारांनी आपलीच माणसे निवडली, टक्केवारी खाल्ली, अशा तक्रारी झाल्या. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदलले आणि योजना रखडली. पण धंद्याला किती पैसा लागतो, याचा अंदाज त्या योजनेत निदान खरा होता. १९५६ ची रेषा थोडी पश्चिमेला सरकली असती तर इस्लापूरची कुटुंबेही त्या यादीसाठी भांडली असती.

स्टँडअप इंडिया २०१६ ते २०२५ या काळात होती. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिलेच्या उद्योगाला दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यावे, असा तिचा नियम होता. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे: यंदा आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी बँक शाखेकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा. २०१६ पासून या योजनेत आपल्या समाजाला किती कर्जे दिली, नाकारलेल्या अर्जांवर कारण काय लिहिले, आणि दिलेल्या कर्जांपैकी कितींमध्ये यंत्राच्या किमतीशिवाय खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर केली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले जाईल. त्यावर अपील करा.