उधन्याहून १९७०ला जाणारी गाडी

उधन्याच्या लूमखात्यात पहाटे चारला चहा येतो. यंत्रं थांबत नाहीत, म्हणून कारागीर एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात. शेजारच्या पोराने मोबाईल तुमच्यापुढे धरलाय. नाना पाटेकरांचा ‘नटसम्राट’, २०१६चा. खटखटाटात नुसते ओठ हलताना दिसतात. धुळ्याकडचे एक आबा पडद्यावर नजर टाकतात आणि तुमच्या कानात ओरडतात, “लागूंचं पाह्यला पाह्यजे व्हतं तुम्ही!”

पाहता येईल. रिक्षा करा, सुरत स्टेशन गाठा आणि फ्लाइंग रानीत खिडकी पकडा. उधना, भेस्तान, सचिन मागे पडतात. नवसारीच्या अलीकडे डब्यांना वरचा मजला चढतो. २०२३मध्ये काढलेले दुमजली डबे पुन्हा जोडले गेलेत. बिलिमोऱ्यापुढे तोही मजला जातो, म्हणजे तुम्ही १९७९च्या मागे आलात. वलसाडला खिशातला मोबाईल नाहीसा होतो. वापीच्या चिमण्या एकेक करून पुसल्या जातात. घोलवडच्या चिकूच्या वाड्या तेवढ्या जागच्या जागी.

मुंबई सेंट्रलला उतराल तेव्हा तारीख असेल २३ डिसेंबर १९७०. लोकलने मरीन लाइन्स, तिथून बॉम्बे हॉस्पिटलच्या बाजूचं बिर्ला मातोश्री सभागृह. धि गोवा हिंदु असोसिएशनचं नवं नाटक आहे, ‘नटसम्राट’. लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. आजचा प्रयोग पहिला.

पहिला म्हणजे काय, हे तिसऱ्या घंटेनंतर कळतं. पुढे शाळांच्या स्नेहसंमेलनात पाठ म्हटली जाणार आहेत ती स्वगतं या सभागृहात अजून एकाही माणसाने ऐकलेली नाहीत. पुढचं वाक्य तुम्हाला येतं, शेजारच्या गृहस्थांना येत नाही. ओठ हलवू नका.

गणपतराव बेलवलकर, म्हणजे श्रीराम लागू, रंगभूमीवरून निवृत्त झालेत. होतं नव्हतं ते मुलाला-मुलीला वाटून मोकळे झालेत. शेक्सपिअरच्या लिअर राजाने राज्य वाटलं होतं, इथे मध्यमवर्गीय मराठी घर वाटलं जातंय, आणि म्हणून ते जास्त झोंबतं. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. ती फार बोलत नाही, पण नवरा तोंडाचा पट्टा सोडतो तेव्हा प्रेक्षक तिच्याकडे बघतात. लेकीच्या घरी म्हाताऱ्यावर चोरीचा आळ येतो. इथे लागूंच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. मोठ्या वाक्याआधी बहुतेक नट छाती भरून घेतात आणि प्रेक्षकाला आधीच कळतं, आता काहीतरी येणार. हा माणूस श्वास दिसू देत नाही. वाक्य मध्येच थांबतं, पोकळी राहते, आणि मग खालच्या पट्टीतून दुसरंच काहीतरी वर येतं. या थांबून थांबून बोलण्याची पुढे उदंड नक्कल झाली. नकलाकारांना थांबे जमले, त्या थांब्यांत काय चाललंय ते काही उचलता आलं नाही.

मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन शेजारचे गृहस्थ सांगतात, “डॉक्टर आहेत म्हणे. कान-नाक-घसा.” खरंच आहे. मराठी रंगभूमीवर तेव्हा दोन डॉक्टर गाजतायत. दुसरे काशिनाथ घाणेकर, ते दातांचे. आणि फुटपाथवर बूटपॉलिशवाल्या पोराच्या आसऱ्याला येणाऱ्या या म्हाताऱ्याचं खरं वय? महिन्याभरापूर्वीच ४३ पूर्ण झालंय.

हे वय कशात गेलं, ते बघायला आणखी मागे जावं लागेल. १९५०चं दशक, पुणे. तेव्हा सुरत आणि पुणे एकाच मुंबई राज्यात, मधली सीमा अजून आखायचीय. साताऱ्यात जन्मलेला श्रीराम लागू नावाचा मुलगा बी. जे. मेडिकलमध्ये शिकतो, भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी करतो, पुण्यात प्रॅक्टिस करतो. पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड. मग आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा गावी सर्जन. एवढं सगळं हाताशी असताना १९६९मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट होतात. विशीत उपाशी राहून नाटक करणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे खूप आहेत. चाळिशी ओलांडल्यावर चालता दवाखाना सोडणं मला त्याहून अवघड वाटतं. गमावण्यासारखं काही जवळ असलेला माणूस सगळं गमावलेल्याची भूमिका वेगळी करतो.

आता उलट फिरा. १९७२, दुष्काळाचं वर्ष. खानदेशातल्या एखाद्या गावाबाहेर तंबूतली टॉकीज, बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’, गुरुजी झालेत लागू. गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने घसरतात, गावाला मेलेले वाटतात, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात ते फाशीला सामोरे जातात. तमाशा घरचाच असलेला हा प्रेक्षक संध्याच्या नाचाला शिट्ट्या मारतो आणि गुरुजी हातात तुणतुणं घेतात तेव्हा गप्प होतो. तीन वर्षांनी ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात पोचेल. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर निळू फुल्यांचा हिंदुराव. त्यातल्या दारुड्या मास्तरांनी, म्हणजे लागूंनी, मारुती कांबळेबद्दल विचारलेला प्रश्न महाराष्ट्र अजून विचारतोय.

१९८१ला मात्र सुरतेतच उतरा. दिवसपाळी सुटल्यावर उधन्याची पोरं ‘लावारिस’ला निघालीत, अर्थात अमिताभसाठी. त्याला वाढवणारा बेवडा गंगू गणपत पडद्यावर आला की तुमच्या रांगेतला एकजण विचारतो, “हाऊ कोन शे?” उत्तर कुणाकडेच नाही. हिंदी सिनेमाने लागूंना शंभराच्या आसपास चित्रपटांत फिरवलं आणि बहुतेक वेळा बाप, जज किंवा डॉक्टर करून सोडलं. माझ्या मते ही उधळपट्टी होती. अपवाद ‘घरौंदा’, १९७७. फ्लॅटसाठी पैसे साठवणारं, बिल्डरकडून बुडवलं जाणारं जोडपं, आणि त्यातल्या मुलीशी लग्न करणारा पैसेवाला, हृदयविकाराचा साहेब. फुटपाथवर छप्पर शोधणारा म्हातारा आणि बंगल्यात एकटा पडलेला हा मोदी, दोन्ही एकाच नटाचे. ‘घरौंदा’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. एका खोलीत सहाजण झोपणाऱ्या उधन्याच्या भाडेकरूला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

शेवटचा टप्पा ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा. देवाला निवृत्त करा म्हणणारे डॉक्टर लागू, निळू फुले, तनुजा असा संच घेऊन नरेंद्र दाभोलकर आणि मंडळी गावोगाव निघालीत. नाटक कोणतं, तर अत्र्यांची ‘लग्नाची बेडी’. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी हे प्रयोग. घरी गणपती बसवणारे लोकही रांगेत आहेत, आणि नास्तिकाच्या नाटकाला पैसे द्यायला कुणाची ना नाही. आत्मचरित्राला लागूंनी ‘लमाण’ नाव दिलं. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहून नेणारा, एवढीच नटाची किंमत त्यांनी लावली. मला ते पटत नाही. गणपतरावांची भूमिका नंतर इतर नटांनीही केली. माल तोच, तरी उधन्यातल्या आबांना लागूच आठवतात.

तिकीटखिडकी उघडलीय. पुढच्या रांगा गेल्यात, बाल्कनी मागा.