वऱ्हाडातील वंध्यत्व आणि गर्भनलिका

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जुन्या जिल्ह्यांमध्ये अपत्यहीनतेचा इतिहास शोधू गेल्यास तो प्रथम नवस, सवत आणि दत्तक यांच्या रूपाने भेटतो. कारण ज्या अवयवातील बिघाड या दुःखाच्या मुळाशी अनेकदा असे, तो अवयव विसाव्या शतकापर्यंत जिवंत बाईच्या शरीरात तपासण्याची सोयच नव्हती. गर्भनलिका किंवा बीजनलिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन नळ्या गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असतात, प्रत्येकीची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते आणि गर्भाशयालगत तिची आतली पोकळी एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. बीजकोशातून सुटलेले बीजांड नलिकेच्या टोकाशी असलेली झालर टिपून घेते, शुक्रजंतूशी त्याचे मीलन नलिकेतच होते आणि आतल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो अंकुर चारपाच दिवसांत गर्भाशयात पोहोचतो. जंतुसंसर्गाने नलिकेचे नाजूक अस्तर आपसांत चिकटले, किंवा झालर मिटून नलिकेत पाणी साचले, तरी बीजकोशाचे काम चालू राहत असल्याने पाळी बहुधा नेमाने येत राहते. बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नसताना कूस उजवत नाही, तेव्हा कारणाची रिकामी राहिलेली जागा दैवाने, पूर्वजन्मीच्या पापाने आणि शेजारणीच्या दृष्टीने भरून काढावी, हे त्या काळाच्या दृष्टीने अस्वाभाविक नव्हते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तव वाहणारी दोन स्रोतसे सांगितली असून त्यांना इजा झाल्यास वंध्यत्व येते असे म्हटले आहे, आणि त्यावरून प्राचीनांना गर्भनलिका ठाऊक होत्या असे प्रतिपादन मराठीत अधूनमधून केले जाते. ते मोहक असले तरी जपून स्वीकारावे लागते, कारण बीजांडाची कल्पना नसताना नलिकेचे कार्य उलगडणे शक्य नव्हते. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पियो याने १५६१ मध्ये या नलिकांचे नेमके वर्णन छापले, त्याचे नाव त्यांना कायमचे चिकटले, पण सस्तन प्राण्याचे बीजांड प्रत्यक्ष दिसण्यास १८२७ उजाडावे लागले.

वऱ्हाडच्या खेड्यांत या घडामोडींचा मागमूस नव्हता. तिथे मूल न होणाऱ्या सुनेसाठी अमरावतीच्या अंबादेवीची ओटी भरली जाई, नदीकाठच्या आसरांना नैवेद्य दाखवला जाई, अंगारे-गंडे होत, आणि एवढ्याने पाळणा हलला नाही तर घरात सवत येई. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथात, कुणबी समाजाच्या प्रकरणात, भटक्या सरोद्यांनी सांगितलेला एक तोडगा नोंदवलेला आहे: निपुत्रिक बाईने रात्री एकटीने जाऊन कोणाच्या तरी घराला आग लावावी, म्हणजे त्यात जळालेल्या एखाद्या किड्याचा जीव तिच्या पोटी जन्म घेईल. वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या अशा ग्रंथांत विचित्र तेवढे वेचून घेण्याची खोड असल्यामुळे हा तोडगा किती प्रचलित होता हे त्यावरून ठरवता येत नाही. मात्र ज्या बाईला असे काही करून पाहावेसे वाटेल, तिची घरातली अवस्था काय असेल याची कल्पना त्यावरून येते. वतनदार देशमुख-पाटलांच्या घरांत वारसाचा प्रश्न असल्याने दत्तकाची वाट मोकळी असे, तर काडीमोड आणि पाट रूढ असलेल्या जातींत एका घरातून वांझ म्हणून बाहेर पडलेल्या बाईची दुसऱ्या घरी कूस उजवणे निदान शक्य होते. दोष नवऱ्याचाही असू शकतो, हे सुचवणारा पुरावा गावाच्या डोळ्यांसमोर येण्याची हीच एक वाट होती, पण त्यातून गावाने तसा निष्कर्ष क्वचितच काढला असावा.

नलिका बंद पडण्याची कारणे मात्र त्याच समाजाच्या रोजच्या जगण्यात होती. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत होई, सुईण न धुतलेल्या हातांनी आत तपासणी करी, नाळ विळ्याने किंवा हाती येईल त्या पात्याने कापली जाई, आणि त्यानंतर येणारा ताप, म्हणजे लोकांच्या भाषेतला बाळंतरोग, ज्या बायकांचा जीव घेत नसे त्यांच्यापैकी काहींच्या नलिका कायमच्या बंद करून जाई. एक मूल होऊन पुढे दिवसच न राहणे, म्हणजे वैद्यकात ज्याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात ते, अशा संसर्गातून उद्भवते. चोरून केलेल्या गर्भपाताचा परिणामही हाच होई, आणि १९७१ चा कायदा येईपर्यंत तो चोरूनच होत राहिला. परमा या नावाने ओळखला जाणारा गुप्तरोग हे तिसरे कारण होय. तो बहुधा नवऱ्याकडून बायकोकडे येतो, हे मराठी वाचकांना उघडपणे सांगण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी मुंबईतून १९२० च्या दशकात केले.

१८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभारला, आणि त्यांच्या नावावरून अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही ‘डफरीन’ म्हणून लोकांच्या तोंडी आहे; अकोल्याचे स्त्री रुग्णालय तसेच लेडी हार्डिंग यांच्या नावाने ओळखले जाते. पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या बाईसाठी स्वतंत्र दवाखाना, ही या संस्थांमागची कल्पना होती. अपत्यहीनतेचा विचार त्यात मुळीच नव्हता, तरी निर्जंतुक बाळंतपण हाच नलिका वाचवण्याचा उत्तम उपाय असल्याने त्यांचे या इतिहासातील स्थान मोठे आहे.

पुढे एका अमरावतीकराच्या नावाशी जोडलेला एक प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहे. अमरावतीचे वकील आणि मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारातील माजी गृहसदस्य सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नाची चौकशी करणारी समिती नेमली गेली. देशभर फिरून, डॉक्टर आणि सुशिक्षित स्त्रिया यांच्यासह असंख्य साक्षीदारांना ऐकून, कोवळ्या वयातील शरीरसंबंध आणि मातृत्व मुलीच्या शरीराची कशी हानी करतात याचा तपशील तिने १९२९ च्या अहवालात मांडला. त्याच वर्षी संमत झालेल्या आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले. कायदा कागदावर कडक आणि व्यवहारात सैल होता; तरीही बाईच्या शरीराची झीज हा सार्वजनिक चौकशीचा विषय होऊ शकतो, हे वऱ्हाडातल्या एका सनातनी वातावरणात वाढलेल्या पिढीपुढे प्रथमच इतक्या ठळकपणे आले.

दरम्यान नलिका तपासण्याची युक्ती सापडली होती. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयसिडोर रुबिन यांनी १९२० मध्ये गर्भाशयातून वायू सोडून तो नलिकांवाटे पोटात उतरतो की नाही हे पाहण्याची चाचणी प्रसिद्ध केली, आणि त्याच दशकात क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून नलिकांचे छायाचित्र घेणेही रूढ होऊ लागले, ज्याला आज जिल्ह्याच्या गावीसुद्धा एचएसजी म्हणतात. या छायाचित्रांनी भारतीय डॉक्टरांपुढे चौथे कारण आणले, ते क्षयाचे. फुप्फुसातील क्षयजंतू रक्तावाटे जननेंद्रियांत पोहोचतात, बहुधा तरुण वयातच, आणि तिथे ते जवळजवळ नेहमी नलिकांनाच धरतात. ना खोकला, ना ताप, मूल होत नाही एवढीच तक्रार. पाश्चात्त्य देशांत विरळ झालेले हे कारण भारतात आजही महत्त्वाचे आहे. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात व जंतू मरतात, पण व्रणांनी बुजलेली नलिका त्यामुळे सहसा मोकळी होत नाही.

पोटाला लहान छिद्र पाडून नलिका डोळ्यांनी पाहण्याची दुर्बीण मात्र खेड्यापाड्यांत वेगळ्याच कामासाठी आली. आणीबाणीतील नसबंदीच्या सक्तीनंतर पुरुष शस्त्रक्रियेपासून दूर गेले, कुटुंबनियोजनाचा भार बायकांवर पडला, आणि १९८० च्या दशकात शिबिरांतून दुर्बिणीने नलिकांवर कडी बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ज्या यंत्राने वंध्यत्वाचे निदान व्हायचे, तेच सरकारी खर्चाने नलिका बंद करण्यासाठी सर्वदूर पोहोचले, आणि उद्दिष्टांचे आकडे भरण्याच्या घाईत मूल नसलेल्या बाईची तक्रार आरोग्यखात्याच्या कोणत्याच रकान्यात बसली नाही. मेळघाटसारख्या भागात, जिथे १९९३ मधील बालमृत्यूंनी साऱ्या राज्याचे लक्ष वेधले, तिथे शस्त्रक्रियेनंतर मूल दगावलेल्या बाईचा प्रश्न आणखी अवघड होतो. तिच्या नलिका पुन्हा जोडता येतात, पण ती शस्त्रक्रिया कौशल्याची असून यशाची खात्री देत नाही.

विदर्भातच, गडचिरोलीत, राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यापूर्वी केवळ ८ टक्के स्त्रियांची अशी तपासणी झालेली होती. वऱ्हाडचे आकडे त्यावरून काढता येणार नाहीत, परंतु अंगावरून जाणे आणि ओटीपोट दुखणे हे बाईचे भोगच समजण्याची रीत वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच होती.

बंद नलिकेला पूर्ण वळसा घालणारा उपाय, म्हणजे बीजांड शरीराबाहेर फलित करून थेट गर्भाशयात ठेवणे, मुळात याच दोषासाठी शोधला गेला. या उपायाने १९७८ मध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नलिका बंद होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून असे बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले. पुढे अशा उपचारांची केंद्रे अमरावती-अकोल्यातही उघडली आणि २०२१ च्या कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची झाली, उपचारासाठी स्त्रीच्या वयाची मर्यादा ५० आणि पुरुषाची ५५ ठरली. उपचाराचा खर्च मात्र बहुधा जोडप्यालाच उचलावा लागतो, आणि कपाशीच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरात तो कर्जाशिवाय निभत नाही.