मन्रोंची यादी आणि मुदत नसलेली मोहीम

२८ सप्टेंबर १९०१. स्कॉटलंडच्या ग्लेन्को खोऱ्यावर ओनाख एगाख नावाची एक अरुंद कातळधार आहे. त्या धारेवरच्या म्याल जेराग या शिखरावर त्या दिवशी तीन माणसे पोहोचली: आर्चिबाल्ड ईनियस रॉबर्टसन नावाचे तिशीतले धर्मोपदेशक, त्यांची पत्नी केट आणि सँडी मॉन्क्रीफ हे त्यांचे स्नेही. माथ्यावर दगडांची रास होती. असे सांगतात की रॉबर्टसन यांनी आधी त्या राशीचे चुंबन घेतले आणि मग पत्नीचे. हा क्रम स्कॉटिश गिर्यारोहकांना आजही फार प्रिय आहे. केट यांना त्याविषयी काय वाटले, हे मात्र कुणी फारसे सांगत नाही.

या शिखरासोबत एक यादी संपली, असे मानले गेले. स्कॉटलंडमधील ३००० फुटांहून उंच असलेला प्रत्येक स्वतंत्र डोंगर चढून झालेला पहिला माणूस म्हणून रॉबर्टसन यांची नोंद झाली. या कामाला त्यांना सुमारे दहा वर्षे लागली होती. पुढे त्यांनी स्वतःच या दहा वर्षांचे वर्णन, जमेल तशी, विस्कळीतपणे चाललेली मोहीम अशा अर्थाच्या शब्दांत केले.

आज हीच यादी ३१ दिवसांत पुरी झालेली आहे. ३१ दिवसांची बातमी होते. दहा वर्षे कशी गेली, याची कथा सहसा कुणी विचारत नाही. या धाग्यात ती सांगायची आहे.

प्रथम यादीविषयी. स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबची स्थापना १८८९ साली झाली. तोवर देशात ३००० फुटांवरचे डोंगर किती, हे कुणालाही नेमके ठाऊक नव्हते. प्रवासी मार्गदर्शक पुस्तकांत तीसेक नावे सापडत. क्लबच्या नियतकालिकाचे संपादक जोसेफ गिब्सन स्टॉट यांनी हा प्रश्न कायमचा निकाली काढण्याचे काम एका सभासदावर सोपवले. ते ह्यू थॉमस मन्रो. जन्म १८५६, लंडन. घराण्याची जमीनजुमल्याची मिळकत किरिम्यूरजवळ लिंडर्टिस येथे. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे, खिशातला ॲनेरॉइड वायुभारमापक आणि स्वतःची पायपीट एवढ्या सामग्रीवर त्यांनी तक्ते तयार केले. सप्टेंबर १८९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांत ५३८ माथे होते आणि त्यांपैकी २८३ स्वतंत्र डोंगर म्हणून वेगळे काढलेले होते. तीसवरून थेट २८३! ज्या देशाचा चप्पा चप्पा मोजून झाला असे मानले जात होते, त्या देशाला आपल्याच डोंगरांची संख्या प्रथमच कळली.

३००० फूट म्हणजे ९१४ मीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. स्कॉटलंडचे सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर आहे आणि आपले कळसूबाई १६४६ मीटर. पण तिथली चढाई बहुतेकदा समुद्रसपाटीच्या आसपास सुरू होते. अक्षांश इतका उत्तरेकडचा आहे की हिवाळ्यात दिवस सहासात तासांचाच. धुके उतरले की पायाखालची वाट दिसेनाशी होते, आणि बऱ्याच डोंगरांवर त्या काळी वाट नव्हतीच.

मन्रो यांनी तक्ते केले, पण एक गोष्ट केली नाही. 'स्वतंत्र डोंगर' कशाला म्हणायचे, याची काटेकोर व्याख्या त्यांनी कुठेही लिहून ठेवली नाही. दोन माथ्यांमधली खिंड किती खोल असावी, अंतर किती असावे, याचा निर्णय त्यांनी अनुभवाने आणि नजरेने केला. त्यामुळे यादी जन्मापासूनच हलती राहिली. आणि ही सगळी शिखरे किती काळात चढावीत, याविषयी तर त्यात अवाक्षरही नव्हते. असणार तरी कसे? ते तक्ते भूगोलाच्या जिज्ञासेतून झाले होते. त्यांचे आव्हानात रूपांतर वाचकांनी केले.

आता रॉबर्टसन यांची दहा वर्षे. ते धर्मोपदेशक, रविवार हा तर त्यांच्या पेशाचाच दिवस. चढाई करायची ती सुट्टीत. १८९८ च्या तीन महिन्यांच्या सुट्टीत त्यांनी ७५ शिखरे केली आणि पुढच्या वर्षी ७२. म्हणजे जवळजवळ निम्मी यादी दोन उन्हाळ्यांत आणि उरलेली बाकीच्या वर्षांत विखुरलेली. शरीर मंद नव्हते, हे या आकड्यांवरून उघड आहे. मोकळे दिवस कमी होते.

वाहतुकीचाही प्रश्न होता. ग्लासगोहून रॅनोखचे दलदलीचे पठार ओलांडून फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी रेल्वे १८९४ साली सुरू झाली. त्याआधी पश्चिमेकडच्या डोंगरांपर्यंत पोहोचायचे म्हणजे आगबोट, घोडागाडी आणि चालणे. रेल्वेनंतरही शेवटच्या स्थानकापुढे अनेक मैल उरतच. रॉबर्टसन यांनी तिथे सायकल वापरली. खडबडीत रस्त्यांवर, पाठीवर सामान घेऊन. मुक्कामाला धर्मशाळा वा हॉटेल मिळेलच असे नव्हते, म्हणून ते दूरच्या खोऱ्यांत राहणाऱ्या मेंढपाळांच्या आणि शिकारराखणदारांच्या घरी उतरत. सोबत काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा असे. त्या घरांची, त्या माणसांची आणि होड्यांची छायाचित्रे त्यांनी काढली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही छायाचित्रे त्या २८३ माथ्यांपेक्षा अधिक मोलाची वाटली तर नवल नाही, कारण त्यांतली कित्येक घरे पुढे ओस पडली. पळत सुटलेल्या माणसाला कुणाच्या चुलीपुढे बसून असा परिचय करून घेता आला नसता.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: जमीन कुणाची? एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश हायलँड्समधून हजारो शेतकरी कुटुंबांना जमीनदारांनी हुसकावले. आधी मेंढ्यांसाठी आणि नंतर हरणांच्या शिकारीसाठी रिकाम्या केलेल्या लाखो एकरांवर धनिकांची मालकी बसली. शिकारीच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत, डोंगरावर परकी पावले नकोत, असा मालकांचा दंडक असे. हवामान बरे असण्याच्या दिवसांपैकी कित्येक दिवस यातच जात. जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली डोंगरांवर मुक्त प्रवेशाचे विधेयक ब्रिटिश संसदेत आणले. ते फेटाळले गेले. पुढेही ते पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि पुन्हा पुन्हा बारगळले. स्कॉटलंडमध्ये मुक्त संचाराचा हक्क कायद्याने नि:संदिग्धपणे मिळाला तो २००३ साली.

मन्रो स्वतः जमीनदार होते. दुसऱ्या जमीनदाराच्या शिकारीत व्यत्यय नको म्हणून ते काही डोंगर रात्री चढत. कंदील घेऊन दुसऱ्याच्या डोंगरावर दबक्या पावलांनी चढणारा हा सरदारपुत्र डोळ्यांपुढे आणून पाहा. त्याला सौजन्य म्हणावे की वर्गबंधुत्व, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी दुसऱ्याकडे झुकतो.

आणि ज्यांनी यादी केली त्यांची यादी पुरी झाली का? नाही. स्काय बेटावरच्या कुलिन पर्वतरांगेत एक उभा, पात्यासारखा सुळका आहे. नावच इनॅक्सेसिबल पिनॅकल, म्हणजे अगम्य सुळका. १८८० साली पिल्किंग्टन बंधूंनी तो सर केला होता, म्हणजे नावापुरताच अगम्य. पण तिथे दोर लागतो आणि कोरडे हवामान लागते. स्कायवरचा पाऊस मन्रो यांच्या बेतांवर वेळोवेळी पाणी फिरवत राहिला. गंमत अशी की १८९१ च्या तक्त्यात हा सुळका स्वतंत्र डोंगर नव्हताच. शेजारचा, त्याहून काही फूट बुटका माथा मुख्य धरला होता. तो मान सुळक्याला १९२१ च्या आवृत्तीत मिळाला.

कार्न क्लोइख-वुलिन नावाचा आणखी एक डोंगर मन्रो यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. अखेरचा डोंगर म्हणून तो मित्रांसह साजरा करायचा बेत होता. तो दिवस आला नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी माल्टात रेड क्रॉससाठी काम केले. १९१८ साली ते फ्रान्समधील तारास्कोंला सैनिकांसाठी उपाहारगृह चालवायला गेले आणि मार्च १९१९ मध्ये तिथेच न्यूमोनियाने वारले. वय ६२. यादी प्रसिद्ध होऊन २८ वर्षे झाली होती. तो राखून ठेवलेला डोंगर १९८१ च्या फेरतपासणीत स्वतंत्र डोंगरांच्या यादीतून वगळला गेला.

आता पुन्हा रॉबर्टसन यांच्याकडे, कारण त्यांच्या कथेत एक गाठ आहे. संशोधकांनी त्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा बेन विव्हिस या डोंगराविषयी १८९३ सालचा मजकूर सापडला. माथा जवळ आला असता जोराचा पाऊस आला आणि भिजायचे नव्हते म्हणून ते मागे फिरले, असा त्याचा आशय. त्यानंतर ते बेन विव्हिसला पुन्हा गेल्याची नोंद मिळत नाही. मग पहिला पूर्ण करणारा कोण? बेन विव्हिस वजा केला, तर हा मान १९२३ साली यादी पुरी करणारे ऑक्सफर्डचे रेव्हरंड रोनाल्ड बर्न यांच्याकडे जातो.

या वादात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असे मानायचे का? साधनांच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये, हे आपण पहिल्या सत्रातच शिकतो. पण इथे मौनाआधी एक स्पष्ट कबुलीही आहे. माझे मत विचाराल तर ती कबुलीच रॉबर्टसन यांच्या बाजूची साक्ष आहे. ज्याला आकडा फुगवायचा असेल, तो पावसामुळे मागे फिरल्याचे लिहून ठेवत नाही. १८९३ मध्ये ते डोंगर चढत होते. यादी 'पुरी' करण्याचा विचार बहुधा अजून त्यांच्या मनात पक्का झालाच नव्हता. भिजण्याचा कंटाळा आला म्हणून घरी परतण्याची मुभा असलेली ती वर्षे होती.

पुढचा टप्पा वेगळ्या माणसांचा आहे. १९३० च्या दशकात क्लाइड नदीकाठच्या गोद्यांतले कामगार आणि मंदीत बेकार झालेले तरुण डोंगरांकडे वळले. क्लाइडबँकच्या अशाच मुलांनी १९३० साली क्रेग दू क्लब काढला. त्यांच्याकडे तीन महिन्यांची सुट्टी नव्हती. काम असलेल्यांकडे शनिवारची दुपार आणि रविवार होता. काम नसलेल्यांकडे दिवस होते, पण बसभाड्याचे पैसे नव्हते. ते कपारीत झोपत, शेकोटीभोवती रात्र काढत. अशा माणसाला २८० डोंगरांसाठी तीस वर्षे लागली, तर त्याची तुलना पाद्रीबुवांच्या दहा वर्षांशी कोणत्या मापाने करायची?

वेगाचे युग १९७४ साली उगवले. हेमिश ब्राउन यांनी सगळे मन्रो एकाच सलग प्रवासात, ११२ दिवसांत केले. बेटांसाठी बोट, थोडी सायकल आणि बाकी पायी. यादी त्यांनी त्याआधीच सावकाश पुरी केलेली होती, त्यामुळे कोणत्या खोऱ्यातून कुठे उतरायचे, हे त्यांना पाठ होते. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९७८ साली आले आणि घरोघरी लोक नकाशावर खुणा करू लागले. मग दिवस घटत गेले. २०१० मध्ये स्टीफन पाइक यांनी ३९ दिवस, २०२० मध्ये डॉनी कॅम्पबेल यांनी जेमतेम ३२ आणि २०२३ मध्ये जेमी एरन्स यांनी ३१ दिवस १० तास २७ मिनिटे अशी वेळ नोंदवली. धावणे, सायकल आणि कयाक, झोप नावापुरती. त्या कर्तृत्वाला नमस्कारच. मात्र पक्के रस्ते, अचूक नकाशे, हवामानाचे अंदाज, साहाय्यकांची फळी आणि २००३ चा कायदा या गोष्टी त्या ३१ दिवसांच्या पाठीशी उभ्या आहेत.

यादीत आज २८२ डोंगर आहेत. २००९ मध्ये एक आणि २०१२ मध्ये एक, असे दोन डोंगर नव्या मोजणीत अर्ध्याएक मीटरने कमी भरले आणि गळले. ज्यांनी ते घाम गाळून चढले होते त्यांचे काही बिघडले नाही. पुरी केलेली यादी मागाहून अपुरी ठरत नाही, असा संकेत आहे.

यादी पुरी करणाऱ्यांची नोंदवही स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब आजही ठेवतो. शेवटचा डोंगर झाला की पत्राने कळवायचे. कुणी पुरावा मागत नाही. नोंदवहीत आता सात हजारांहून अधिक नावे आहेत. प्रत्येक नावापुढे अनुक्रमांक असतो आणि पूर्ण केल्याचे वर्ष असते. आरंभाचे वर्ष लिहिण्यासाठी रकाना नाही. पहिल्या क्रमांकावर रॉबर्टसन, १९०१. ह्यू मन्रो यांचे नाव त्या नोंदवहीत नाही.