तार बदलली, क्रमांक राहिला

मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी हलते. गाव बदलते, सरकारी बंगल्याचा पत्ता बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात. ह्या सर्व धांदलीत एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षे स्थिर असते, ती म्हणजे वडिलांच्या घरच्या दूरध्वनीचा क्रमांक. आमच्या घरीही तो टिकला. अलीकडे तेथील तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आला. इंटरनेटचा वेग वाढला, क्रमांक तोच राहिला, आणि आम्ही समाधान मानले. पुढे पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली तेव्हा दोन तास घरचा दूरध्वनी लागेना. पूर्वी असल्या रात्री घरात दिवा नसला तरी दूरध्वनी चाले. आता तो का बंद पडला, हे समजण्यासाठी आम्हांस दूरध्वनीचा इतिहास आरंभापासून चाळावा लागला.

आपल्या देशात दूरध्वनीचे पहिले केंद्र कलकत्त्यास, कौन्सिल हाउस स्ट्रीटवर, २८ जानेवारी १८८२ रोजी उघडले. ग्राहक होते अवघे ९३. मुंबईचे केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. त्या पिढीतील यंत्र आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. केंद्रातील माणसास जागे करण्यासाठी हाताने दांडी फिरवावी लागे, आणि आवाज वाहून नेणारी वीज ग्राहकाच्या घरातच ठेवलेल्या बॅटरीतून येई. ती बॅटरी संपली की बोलणे खुंटले. दूरध्वनी चालता ठेवण्याची निम्मी जबाबदारी अशी घरधन्याकडेच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत ह्यावर तोड निघाली. सर्व ग्राहकांच्या यंत्रांस लागणारी वीज केंद्रातील एकाच मोठ्या बॅटरीतून तारेवाटे पुरवावी, ही ती कल्पना. पुढे ती जगभर रूढ झाली. आपल्याकडे लहान गावांत दांडीची यंत्रे पुष्कळ वर्षे चालली. परंतु शहरांतील दूरध्वनी केंद्राच्या ४८ व्होल्टांवर जगू लागला. गावाची वीज गेली तरी केंद्रातील बॅटऱ्या आणि डिझेलचे जनित्र त्यास जिवंत ठेवीत. वादळवाऱ्यात दूरध्वनी चालतो, हा आपला विश्वास येथून निर्माण झाला.

त्यानंतर केंद्रे बदलत गेली. सिमल्यास १९१३-१४ मध्ये पहिले स्वयंचलित केंद्र बसले. १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर ग्राहकास स्वतः परगावचा क्रमांक फिरविता येऊ लागला आणि ट्रंक कॉलसाठी तिष्ठत बसण्याचा काळ हळूहळू सरला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने इलेक्ट्रॉनिक केंद्रे देशातच घडविली. १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले तेही ह्याच तारेवरून. जोडणी चालू असेतो दूरध्वनी गुंतलेला राही, हे वाचकांस आठवत असेल. पुढे ब्रॉडबँड आले आणि आवाज व इंटरनेट एकाच तारेवरून शेजारी शेजारी धावू लागले. एवढ्या स्थित्यंतरांत घरापर्यंत येणारी तांब्याची जोडतार मात्र तीच राहिली, आणि तिच्यातून येणारी केंद्राची वीजही.

काचेच्या तंतूची कथा निराळी आहे. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून प्रकाशाच्या द्वारे संदेश दूरवर जाईल, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखविली. आपल्या देशात शहरांतर्गत केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू-योजना पुण्यात १९७९ साली कार्यान्वित झाली, हे मराठी वाचकास ठाऊक असावे. तरी हा तंतू घराच्या उंबरठ्याशी येण्यास आणखी काही दशके लागली.

तो आला, आणि जुनी व्यवस्था निमूटपणे उलटली. काच प्रकाश वाहते, वीज वाहत नाही. म्हणून घरात एक पेटी लावावी लागते. ती प्रकाशाचे विजेत रूपांतर करते आणि आपला जुना दूरध्वनी तिलाच जोडला जातो. ह्या पेटीस वीज लागते ती घरचीच. केंद्र कितीही जागे असो, घरातील वीज गेली की पेटी मिटते. दीडशे वर्षांपूर्वी जी बॅटरी घरधन्याच्या माथी होती, ती मध्यंतरी केंद्राने उचलली आणि आता पुन्हा त्याच्याच माथी आली आहे. ‘लँडलाइन कायम राहील’ असे सांगितले जाते तेव्हा क्रमांक आणि आवाज कायम राहतात. वीज कायम राहत नाही.

ही गोष्ट किरकोळ नव्हे. ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनीजाळे २०२५ च्या अखेरीस बंद व्हावयाचे होते. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संकटसूचक यंत्रे त्याच तारेवर चालत. त्यांची काळजी वाटून २०२४ साली ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेण्यात आली.

नव्यास नकार द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तांब्याची तार पावसाळ्यात खरखरे, चोरीस जाई, आणि केंद्र दूर असेल तर तिच्यावर इंटरनेट रखडे. तंतूला ह्या व्याधी नाहीत. केवळ काय मिळाले ह्याबरोबर काय गेले, हेही जाणावे. पेटीसाठी छोटी बॅटरी बाजारात मिळते आणि ती काही तास पुरते. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीची तार त्याच्या खटक्यावर आहे ना, हे पाहावे. तबकडीचे जुने यंत्र नव्या पेटीस पुष्कळदा उमगत नाही. ते आधी तपासून घ्यावे.

आम्ही मागल्या रजेत हे काम उरकले. आई म्हणाली, एवढ्याशा डबीसाठी एवढा खटाटोप कशाला? पण आम्ही आठशे मैलांवर असतो, आणि पावसाळ्यात वीज जातेच.