मधल्या गाडीची गोष्ट

बीएमडब्ल्यूचा निळा-पांढरा गोल म्हणजे विमानाचा फिरणारा पंखा, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजच्या कट्ट्यावर कधी ना कधी ऐकलेलं असतं. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही! १९१७ मध्ये हे चिन्ह नोंदवलं तेव्हा त्यात होते बव्हेरिया राज्याचे रंग. राज्याची चिन्हं ट्रेडमार्कमध्ये वापरायला बंदी होती, म्हणून रंगांचा क्रम तेवढा उलटा केला. पंख्याची कल्पना आली ती १९२९ च्या एका जाहिरातीतून, आणि कंपनीनेही ती खोडून काढायची फारशी घाई केली नाही. फुकटची प्रसिद्धी कोण नाकारेल?

मला मात्र या कंपनीची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. ती म्हणजे ९ डिसेंबर १९५९ या दिवसाची. त्या दिवशी म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूचा कारभार दुसऱ्या कंपनीच्या हातात जाणार होता. सगळं ठरलं होतं, फक्त भागधारकांचा शिक्का उमटायचा बाकी होता. आणि घेणारे कोण? तर मर्सिडीजवाले!

पण आधी थोडं मागे जाऊया.

बीएमडब्ल्यूची सुरुवात गाड्यांपासून नाही, विमानाच्या इंजिनांपासून झाली. जास्त उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम तुटतो. माक्स फ्रिट्झ या इंजिनियरने १९१७ मध्ये खास त्या विरळ हवेसाठी सहा सिलिंडरचं इंजिन काढलं आणि कंपनीचं नाव झालं. पण पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानाची इंजिनं बनवायलाच बंदी आली. मग काय करणार? रेल्वेचे ब्रेक केले. १९२३ मध्ये याच फ्रिट्झने आर ३२ ही मोटरसायकल काढली. दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे आणि चेनऐवजी शाफ्ट. हा आराखडा शंभर वर्षांनंतरही त्यांच्या मोठ्या मोटरसायकलींमध्ये जिवंत आहे. आपल्याकडे पाच वर्षं जुना कोड पाहिला तरी लोक नाकं मुरडतात!

गाड्या आल्या १९२८ मध्ये, तेही आइझेनाखमधला एक कारखाना विकत घेऊन. तिथे तेव्हा ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन लायसन्सवर बनत होती. म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली कार ही मुळात एक छोटीशी इंग्रजी गाडी. १९३३ च्या ३०३ मॉडेलवर ती प्रसिद्ध दोन मूत्रपिंडांसारखी जाळी पहिल्यांदा दिसली, आणि १९३६ ची ३२८ ही स्पोर्ट्स कार तर शर्यती गाजवायला लागली.

यानंतरचा भाग जाहिरातींमध्ये नसतो. दुसऱ्या महायुद्धात बीएमडब्ल्यूने जर्मन हवाईदलासाठी इंजिनं बनवली आणि ती बनवणाऱ्यांत हजारो वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. म्युनिकजवळच्या आलाख कारखान्यासाठी तर दाखाऊ छळछावणीची एक उपछावणीच होती. २०१६ मध्ये शंभरी साजरी करताना कंपनीने याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आलाख हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

युद्ध संपल्यावर आइझेनाखचा कारखाना रशियन हद्दीत गेला. म्युनिकमधली यंत्रसामग्री विजेत्यांनी उचकटून नेली. उरलेल्या लोकांनी भांडीकुंडी बनवून दिवस काढले. १९४८ मध्ये मोटरसायकल पुन्हा सुरू झाली. आणि मग गाडी बनवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळ्यात मोठी चूक केली.

त्यांनी ५०१ नावाची प्रचंड, गोलगरगरीत, आलिशान गाडी काढली. लोक तिला प्रेमाने 'बारोक देवदूत' म्हणायचे. १९५२ मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडू लागली तेव्हा किंमत होती १५,००० मार्कांच्या वर. सरासरी जर्मन कामगाराची तीन-चार वर्षांची अख्खी कमाई! बॉम्बने पडलेली घरं अजून बांधून व्हायची होती, तिथे देवदूत घेणार कोण? तरी कंपनीने आणखी वरची पायरी चढली. अमेरिकेतला आयातदार मॅक्स हॉफमन याच्या आग्रहावरून १९५५ मध्ये ५०७ ही स्पोर्ट्स कार दाखवली. अल्ब्रेख्ट गोएर्त्झने काढलेली तिची रेषा आजही बघत राहावी अशी आहे. सैन्यात असताना जर्मनीत आलेल्या एल्विस प्रेस्लीने एक घेतली होती. पण एकूण बनल्या अडीचशेच्या आसपास, आणि प्रत्येक गाडीमागे कंपनीला खोट.

मग पैसा कुठून आणायचा? त्याच १९५५ मध्ये त्यांनी इटलीच्या इसो कंपनीकडून लायसन्स घेऊन इसेटा काढली. अंड्याच्या आकाराची, मोटरसायकलचं एक सिलिंडरचं इंजिन, आणि दार चक्क समोरून, फ्रिज उघडावा तसं! ती दीड लाखाहून जास्त खपली. पण अशा गाडीवर नफा तो किती सुटणार?

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला सिनेस्टार आणि मंत्र्यांसाठीची गाडी, दुसऱ्या टोकाला अंडं. मध्ये काहीच नाही. आणि पन्नाशीच्या दशकातल्या जर्मनीत नेमका मधलाच माणूस वर येत होता. बरी नोकरी, दरवर्षी पगारवाढ, फोक्सवागन बीटल घेऊन झाली, आता त्याहून बरं काहीतरी हवं, पण मर्सिडीज परवडत नाही. (ओळखीचा वाटतोय ना हा माणूस?) त्याच्यासाठी बीएमडब्ल्यूच्या शोरूममध्ये दाखवण्यासारखं काही नव्हतं.

तर ९ डिसेंबर १९५९. भागधारकांची सर्वसाधारण सभा. संचालकांचा प्रस्ताव असा की नवे शेअर काढायचे, ते डाइमलर-बेंझच्या गटाने घ्यायचे, जुन्या भागधारकांना त्यात वाटा नाही. अध्यक्षस्थानी डॉइश बँकेचे हान्स फाइट. आणि डॉइश बँकेचे डाइमलर-बेंझशीही घट्ट संबंध. म्हणजे विकणाऱ्याच्या खुर्चीत आणि घेणाऱ्याच्या कानाशी एकच बँक.

बरीचशी मतं बँकांच्या खिशात होती, त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच होता. पण सभागृहात छोटे भागधारक होते, आणि बीएमडब्ल्यूचे डीलर होते. डीलरांच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होता. मर्सिडीजची स्वतःची दुकानं होतीच, यांना कोण विचारणार? डार्मश्टाटचा एरिश नोल्ड नावाचा कोळशाचा व्यापारी भाषणांवर भाषणं ठोकत सभा लांबवत राहिला. खरा घाव घातला तो डीलरांचे वकील फ्रीडरिश माटर्न यांनी. त्यांनी ताळेबंदातली एक ओळ पकडली. ७०० नावाची नवी छोटी गाडी नुकतीच तयार झाली होती आणि तिच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षाच्या खात्यात टाकला होता. तो पुढच्या काही वर्षांवर विभागायला हवा होता. थोडक्यात काय, तर कंपनी होती त्याहून जास्त आजारी दिसत होती. ताळेबंदात अशी खोट दाखवता आली, तर दहा टक्के भांडवलाच्या मागणीवर सभा तहकूब करता येते, असा कायदा होता. दहा टक्के जमले, सभा तहकूब झाली आणि विक्री बारगळली.

मला हा प्रसंग फार आवडतो. इथे भावनिक भाषणाने कंपनी वाचली नाही. कुणीतरी शांतपणे बसून कंटाळवाणा ताळेबंद ओळ न् ओळ वाचला, म्हणून वाचली. ज्यांनी रात्री दोन वाजता लॉग फाइल चाळत बसून एक चुकीची ओळ शोधली आहे, त्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

पण सभा तहकूब केल्याने तिजोरी भरत नाही. ती भरण्यासाठी पुढे आला हर्बर्ट क्वांट. लहानपणीच्या आजारामुळे दृष्टी जवळपास गेलेला हा उद्योगपती आधी शेअर विकायच्याच विचारात होता. छोट्या लोकांची ती जिद्द पाहून त्याने उलट आणखी शेअर घेतले, असं सांगतात. १९६० मध्ये आणखी पैसा आला तो विमान इंजिनांच्या उपकंपनीतला निम्मा हिस्सा मान या कंपनीला विकून. ही उपकंपनी होती आलाखची. तेच आलाख. आणि क्वांट घराण्याच्या बॅटरी कारखान्यांतही युद्धकाळात वेठबिगार राबवले गेले होते. २००७ मध्ये एका माहितीपटाने हे चव्हाट्यावर आणल्यावर कुटुंबाने इतिहासकार योआखिम शोल्टिसेक यांना संशोधनाचं काम दिलं. २०११ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. हर्बर्टचे वडील ग्युंटर तर त्यात गुंतलेले होतेच, पण खुद्द हर्बर्टलाही या सगळ्याची कल्पना होती आणि जबाबदारीत त्याचाही वाटा होता, हे त्यातून स्पष्ट झालं. 'धाडसी उद्योगपतीने बुडती कंपनी वाचवली' ही गोष्ट खरीच आहे. पण ते धाडस करायला लागणारं भांडवल कुठून आलं, हा प्रश्न त्याच गोष्टीचा भाग आहे. तो गाळून उरलेली कथा सांगणं मला पटत नाही.

असो. मिळालेल्या पैशांतून त्यांनी अखेर मधली गाडी बनवली. सप्टेंबर १९६१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १५०० दिसली. चार दारं, दीड लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ८० अश्वशक्ती. या मालिकेला नाव दिलं 'नॉये क्लासं', म्हणजे नवा वर्ग. नशीबही कसं बघा, याच मधल्या वर्गात गाड्या विकणारी ब्रेमेनची बोर्गवार्ड कंपनी त्याच १९६१ मध्ये कोसळली आणि जागा रिकामी झाली.

आज आपण जिला 'बीएमडब्ल्यूपणा' म्हणतो त्यातलं बरंचसं या गाडीत ठरलं. मागच्या खिडकीच्या तळाशी काच पुढच्या दिशेने जी वळते, ती 'हॉफमाइस्टर वळण' म्हणून ओळखली जाते. तिची लकब इथूनच पक्की झाली. इंजिन होतं आलेक्स फॉन फाल्कनहाउझनचं. दीड लिटरचं हे इंजिन त्याने पुढे वाढवता येईल असं ठेवलं. ते दोन लिटरपर्यंत वाढलं आणि १९६८ च्या २००२ या छोट्या दोन दारी गाडीत बसलं. अमेरिकेत 'कार अँड ड्रायव्हर' मासिकात डेव्हिड ई. डेव्हिसने तिची इतकी तोंडभरून स्तुती केली की तो लेख आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. कहर म्हणजे, याच इंजिनाच्या ब्लॉकवर टर्बो चढवून नेल्सन पिके १९८३ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला! वीस वर्षांपूर्वी ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी केलेलं डिझाइन. याला म्हणतात आर्किटेक्चर.

१९७२ मध्ये ५ सिरीज, १९७५ मध्ये ३ आणि १९७७ मध्ये ७ आली आणि घराची रचना पूर्ण झाली. यात मधली गाडी हाच पाया, वरची-खालची त्यावर उभी.

पण या गाड्यांचं एवढं आकर्षण का? माझ्या मते कारण साधं आहे. यांची जुनी गाडी चालवणाऱ्यासाठी होती, मागे बसणाऱ्यासाठी नाही. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी फक्त ढकलायचं. ज्याचं काम त्याने करावं, एकाने दुसऱ्यात लुडबुड करू नये. म्हणून स्टिअरिंग हातात बोलतं. आणि एका रांगेतली सहा सिलिंडर! या रचनेत पिस्टनांचे धक्के एकमेकांना जवळपास पूर्ण खोडून काढतात, त्यामुळे वेगळी कसरत न करता इंजिन लोण्यासारखं फिरतं. यात दिखाऊपणा नाही, हे निव्वळ गणित आहे. (आता त्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्याही गाड्या बनवतात, २०१४ पासून. कट्टर मंडळी अजून रुसून आहेत.)

मधल्या माणसाला विसरण्याची खोड मात्र सहज जात नाही. १९९४ मध्ये याच बीएमडब्ल्यूने ब्रिटनची रोव्हर ८० कोटी पौंडांना घेतली, आणि सहा वर्षं पैसा ओतून २००० मध्ये ती गाड्यांची कंपनी १० पौंडांना देऊन टाकली. मिनी तेवढी ठेवली. म्हणजे एकदा वाचलात म्हणून शहाणपण कायमचं मुक्कामाला येतं असं नाही.

आज मर्सिडीज आपल्या चाकणला जोडली जाते आणि बीएमडब्ल्यू २००७ पासून चेन्नईजवळ. सिग्नलला दोघी शेजारी उभ्या दिसतात तेव्हा मला त्या कोळशाच्या व्यापाऱ्याची आठवण होते. त्या रात्री दहा टक्के जमले नसते, तर या दोन गाड्यांवर बहुधा एकच तारा दिसला असता.

सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकला कंपनीने आपल्या नव्या पिढीची पहिली इलेक्ट्रिक गाडी दाखवली, आयएक्स३. बॅटरी, सॉफ्टवेअर, सगळंच पुन्हा पहिल्यापासून. या पिढीला त्यांनी नाव काय दिलं, ठाऊक आहे? 'नॉये क्लासं'. शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात शर्यती होत्या, देवदूत होते, एल्विस होता. पण पुन्हा सगळं पणाला लावायची वेळ आली, तेव्हा त्यांना आठवण झाली ती मधल्या गाडीची.