वृश्चिकातील एका जोडताऱ्याची हकिकत

ज्येष्ठ महिन्यात रात्रीची जेवणे आटोपली आणि आभाळ मोकळे असले, म्हणजे तोरणमाळच्या माथ्यावरून काय किंवा तापीकाठच्या शेतातून काय, दक्षिणेकडे वृश्चिक राशीचा विंचू स्पष्ट दिसतो. त्याच्या छातीशी तांबूस ज्येष्ठा चमकते. याच राशीतील, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन ठिकाणांची ही हकिकत आहे.

मोडलेले हाड पाहण्यासाठी दवाखान्यात क्ष-किरण वापरतात, हे आपणास ठाऊक आहेच. तसले किरण आकाशातूनही येतात. मात्र आपली हवा ते वरच्यावर गिळून टाकते. जीवमात्राचे त्यात कल्याणच आहे, पण निरीक्षकाची पंचाईत होते. त्याला आपले यंत्र हवेच्या वर न्यावे लागते. १९६२ च्या जून महिन्यात अमेरिकेत अग्निबाण उडवून असे यंत्र वर नेले, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरणांचा उगम सापडला, तो वृश्चिकातच. पुढे १९६८ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी हैदराबादहून मोठा फुगा सोडून त्याच उगमाचा अभ्यास केला.

दुसरे ठिकाण ज्येष्ठेपासून फार दूर नाही. ‘ए. आर. स्कॉर्पाय’ हे त्याचे नाव. ताऱ्यांच्या यादीत सुमारे चाळीस वर्षे त्याची नोंद साधा, एकटा, तेज बदलणारा तारा म्हणून होती. २०१५ साली युरोपातील काही हौशी निरीक्षकांना ती नोंद खटकली. मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि २०१६ साली जाहीर झाले, की हा एक तारा नव्हे, ही जोडी आहे!

जोडीतला एक तारा लहान, तांबडा आणि थंडसा. दुसरा श्वेतबटू. श्वेतबटू म्हणजे काय, तर जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा: वजन सूर्याच्या तोलाचे, आकार मात्र पृथ्वीएवढा. अशा ताऱ्याच्या वजनाला मर्यादा असते, हे गणित चंद्रशेखर या तरुणाने १९३० साली मुंबईहून विलायतेला जाताना बोटीवर मांडले होते.

हे दोघे साडेतीन तासांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. शिवाय श्वेतबटू भिंगरीसारखा दोन मिनिटांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या चुंबकशक्तीचा तडाखा जोडीदाराला बसत राहतो आणि जोडीचा प्रकाश अर्ध्या मिनिटात चौपटीपर्यंत चढून पुन्हा उतरतो.

मग क्ष-किरणही असेच नाडीसारखे ठोके देतात काय? २०१६ साली युरोपच्या उपग्रहाने पाहिले, तेव्हा सुमारे १४ टक्के ठोका आढळला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह उडाला होता. त्यावरील सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण टाटा संस्थेने सिद्ध केलेली. तिच्या कॅमेऱ्याला इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचा हातभार होता. त्या दुर्बिणीनेही ही जोडी न्याहाळली. २०२१ साली निष्कर्ष छापला गेला: सौम्य क्ष-किरणांत ठोका सापडला नाही; असलाच तर तो १० टक्क्यांहून कमी असला पाहिजे. हे किरण मुख्यतः तापलेल्या वायूतून येतात, असेही त्या तपासणीतून दिसले.

न सापडल्याची एवढी चोख नोंद कशाला, असे कोणी विचारील. पण ‘नाही’ म्हणतानाही ‘इतक्यापेक्षा जास्त नाही’ असा आकडा दिला, म्हणजे पुढच्या माणसाला कोठून मोजायला लागावे ते कळते. चाळीस वर्षांची चुकीची नोंद पुसली गेली, तीही कोणीतरी पुन्हा पाहिले म्हणूनच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आकाश दाखवताना एखादा मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, मला नाही दिसले,’ तर त्याला गप्प बसवू नये. किती वाजता पाहिलेस, कोठे उभा राहून पाहिलेस, ढग होते काय, हे विचारावे आणि त्याच्या वहीत ते लिहवून घ्यावे.